तारण कोणाकडे?

डहाणू-तलासरीकडच्या बाजारातून चालताना ‘तारण’ हा शब्द दोन जागी भेटतो. पतपेढीच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज’ असतं, आणि एखाद्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर येशू हा जगाचा तारणारा असल्याचं रंगवलेलं असतं. पहिल्या तारणात आपली वस्तू दुसऱ्याकडे अडकून पडते, दुसऱ्यात अडकलेला माणूसच सुटतो. ख्रिस्ती मराठीला ‘मोक्ष’ फारसा सोयीचा नव्हता, कारण त्याच्यामागे जन्ममरणाचा सगळा फेरा येतो. ‘तारण’ रुळला, आणि सोबत सावकारीचा वासही आला. पण तो वास उपरा नाही. मुळातली कल्पना देण्याघेण्याच्या व्यवहारातूनच आलेली आहे.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात गरिबीपायी जमीन विकावी लागलेल्या, किंवा स्वतःलाच विकून घेतलेल्या माणसाला कोणी सोडवायचं याचे नियम आहेत. भाऊ, काका, चुलतभाऊ, जो जवळचा असेल त्यानं पैसे मोजायचे आणि त्याला घरी आणायचं. अशा सोडवणाऱ्या नातलगाला हिब्रूत ‘गोएल’ म्हणतात. इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या देवालाही इस्राएल लोकांनी हाच शब्द लावला. पुढे ख्रिस्ती लोकांनी क्रुसावरच्या येशूला याच चौकटीत पाहिलं: किंमत त्यानं मोजली, सुटलो आपण.

डहाणूच्या जंगलपट्टीत हे समजावायला मोठं प्रवचन लागू नये. इथे लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलणारा वारली ‘लग्नगडी’ होत असे. त्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही वर्षानुवर्षं मालकाच्या शेतावर आणि घरी राबत. २३ मे १९४५ रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी किसान सभेची मोठी सभा झाली आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या सोबतीनं वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत नाकारली. ही सुटका लाल बावट्याखाली झाली, चर्चनं केली नाही, हे नोंदवून पुढे जाऊ.

मुद्दा ज्यूंचा आहे. ज्यांना इजिप्तमधून सोडवणारा गोएल आधीच भेटलेला आहे, त्यांनी दुसरा कशाला शोधायचा? ज्यू माणसाला तारणासाठी येशूवर विश्वास ठेवणं गरजेचं आहे का? हा वाद दूर युरोपातल्या पोथ्यांचा वाटतो, पण तो मराठीतही झाला आहे, आणि या किनारपट्टीचा त्याच्याशी संबंध आला आहे.

आधी एक उलटापालट लक्षात घ्यावी. ख्रिस्ती मंडळीतला पहिला मोठा तंटा नेमका याच्या विरुद्ध दिशेचा होता. येशू ज्यू, त्याची आई ज्यू, बारा शिष्य ज्यू. त्यामुळे साधारण इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात प्रश्न असा पडला की जे ज्यू नाहीत त्यांना आधी सुंता करून ज्यू व्हावं लागेल का? पेत्र, याकोब, पौल यांच्या बैठकीत ठरलं की सुंतेची सक्ती नको. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेला प्राणी आणि व्यभिचार एवढं टाळलं की पुरे. म्हणजे सुरुवातीला दारात उभा राहून ‘मला आत घ्याल का’ असं विचारणारा माणूस बिगरज्यू होता. घर ज्यूंचं होतं.

पुढच्या काही वर्षांत आत आलेले पाहुणे संख्येनं वाढले आणि घरातले बरेचसे बाहेरच राहिले. तेव्हा पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, नवव्या ते अकराव्या अध्यायात, या कोड्याशी झुंज घेतली. त्याची उपमा डहाणू-घोलवडच्या वाडीवाल्याला ऐकवली तर तो हसेल. आपल्याकडे चिकूचं कलम रानातल्या खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या, खुंटावर बांधतात: मूळ रानटी आणि काटक, फांदी गोड फळाची. पौल नेमकं उलटं सांगतो. इस्राएल हे लागवडीचं जैतुनाचं झाड, आणि त्याच्यावर रानटी जैतुनाची फांदी बांधलेली. ती फांदी म्हणजे बिगरज्यू ख्रिस्ती. हे निसर्गाच्या उलट आहे, अशी कबुली तो स्वतःच देतो. काही मूळ फांद्या अविश्वासामुळे तोडल्या गेल्या, पण देव त्या पुन्हा जोडू शकतो. मुळाला तू धरलेलं नाहीस, मुळानं तुला धरलंय, तेव्हा फुशारकी मारू नको, असा त्याचा दम आहे. शेवटी सगळं इस्राएल तारलं जाईल असंही तो म्हणतो, आणि देव दिलेलं दान परत घेत नाही असंही. कसं तारलं जाईल, केव्हा, येशूला स्वीकारून की तसंच, यावर दोन हजार वर्षं टीकाग्रंथ पडत आहेत. पौलानं मुद्दाम मोकळं सोडलं, की त्यालाही ठाऊक नव्हतं? मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते. अध्यायाच्या शेवटी तो देवाच्या अथांग शहाणपणाचं स्तोत्र गातो, आणि ते उत्तर सापडलेल्या माणसाचं वाटत नाही.

त्याच्या वारसांना इतकी अनिश्चितता परवडली नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियननं चर्चबाहेर तारण नाही असं सूत्र मांडलं. त्याच्या मनात होते ते चर्चमधून फुटून निघालेले लोक. पण सूत्रं मूळ संदर्भ टाकून भटकू लागतात. १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेनं यादीच दिली: मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि फुटीर, मरणाआधी चर्चमध्ये आले नाहीत तर सगळे सार्वकालिक अग्नीत.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत हेच सूत्र घेऊन पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर स्थिरावले. दमण १५५९ मध्ये त्यांच्या हाती आलं. डहाणू, तारापूर ही ठाणी त्यांच्या ‘उत्तर प्रांता’त होती, ती १७३९ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय बसलं. त्याचा पहिला रोख ‘नव्या ख्रिस्ती’ लोकांवर होता, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंवर. ज्यूला तारणासाठी ख्रिस्ती व्हायला हवं म्हणून पोर्तुगालनं १४९७ मध्ये सक्तीनं ख्रिस्ती केलं, आणि एकदा केल्यावर तो खरा ख्रिस्ती आहे यावर विश्वास ठेवायला नकार दिला. गार्सिया द ओर्ता हा अशाच घराण्यातला वैद्य. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला, आणि आजची मुंबई हे बेट त्याच्याकडे खंडानं होतं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. घेतलेलं तारण असं व्याजासकट परत मागितलं गेलं.

दमणचीच आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तलासरीहून उत्तरेला, फार लांब नसलेल्या त्या गावात १६७३ मध्ये शार्ल देलों नावाच्या तरुण फ्रेंच वैद्याला धर्मन्यायालयाच्या माणसांनी पकडलं. त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक बाप्तिस्म्याबद्दल होता. पाण्याचा बाप्तिस्मा मिळण्याआधीच माणूस मेला, पण त्याची मनापासून इच्छा होती, तर ती इच्छाच बाप्तिस्मा ठरते असं कॅथलिक चर्च मानतं. देलोंनं गप्पांच्या ओघात ते नाकारलं. पाण्याशिवाय नाही म्हणजे नाही. म्हणजे हा गडी चर्चपेक्षाही कडक निघाला, आणि म्हणून आत गेला! गोव्याच्या कोठडीत दोन वर्षं काढल्यावर १६७६ मध्ये त्याला शिक्षा झाली. १६८७ मध्ये त्यानं सगळी हकिगत छापून युरोपभर गाजवली. त्यानं नाकारलेली ती ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ नावाची फट पुढे पार मोठी झाली. तिच्यातूनच विसाव्या शतकात कॅथलिक विचार बाहेरच्या माणसापर्यंत पोचला. त्याच्याकडे मी येतोच.

त्याआधी अलिबागकडे जायला हवं, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न हाडामांसाच्या ज्यूंना मराठीत विचारला गेला तो तिथे आणि मुंबईत. बेने इस्राएल लोक सांगतात की त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले; सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं गावावरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. हिब्रू जवळजवळ विसरलेली. शेमा ही एक देव असल्याची ग्वाही मात्र तोंडपाठ. सुंता होती, शब्बाथ होता, एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं मलिदा होता. घरची भाषा अर्थातच मराठी. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनालय बांधलं.

१८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. कोकणात मराठी बोलणारे ज्यू भेटल्यावर या मंडळींना घबाड सापडल्यासारखं झालं. हरवलेल्या दहा वंशांतले तर नसतील? पौलाच्या तोडलेल्या फांद्या याच तर नसतील? कोचीनचा, स्वतः ख्रिस्ती झालेला मायकेल सार्जन हा ज्यूही त्यांच्यासाठी शाळा काढायला आला होता. विल्सननं १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहून छापलं. हेतू उघड होता. या लोकांना त्यांचं स्वतःचं शास्त्र वाचता आलं तर त्यात सांगितलेला मसीहा म्हणजे येशूच हे त्यांना दिसेल.

बेने इस्राएलांनी मुलं शाळेत घातली. मिशनच्या शाळांत स्वतः शिक्षक म्हणूनही लागले. हिब्रू शिकले, जुना करार मराठीत वाचला. आणि वाचून अधिक पक्के ज्यू झाले! ख्रिस्ती होणारे निघाले ते अगदी थोडे. त्याच विल्सनच्या हाताखाली १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि मुंबईत हलकल्लोळ उडाला. ज्या बेने इस्राएलांवर इतकी मेहनत झाली तिथे मात्र तसं काही घडलं नाही. मिशनशाळेच्या पिढीतून जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) आले. त्यांनी ज्यूंची प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी वेगळी इस्राएली शाळा काढली. त्यांनी लिहिलेला समाजाचा इतिहास १८९७ मध्ये पुरा झाला आणि छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यात मिशनऱ्यांचे आभार मोकळेपणानं मानलेले आहेत. व्याकरण घेतलं, बाप्तिस्मा नको म्हटलं, आणि भांडणही केलं नाही. कर्ज घ्यावं आणि तारण न ठेवता फेडावं, अशी ही रीत.

ख्रिस्ती कीर्तनाच्या जोडीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएलांचंही कीर्तन उभं राहिलं: तीच साकी-दिंडी, तेच टाळ, आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्त भेटला. बेने इस्राएलांना त्याच वाटेवर मोशे भेटला. आणि दैवाचा फटका असा की पुढे इस्राएलला गेल्यावर तिथल्या काही धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी यांनाच तुम्ही अस्सल ज्यू कशावरून असं विचारलं. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचा निर्वाळा दिला तेव्हा कुठे तो वाद निवळला.

आता परत डहाणूला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे अमेरिकेतल्या ‘चर्च ऑफ द ब्रदरन’चे मिशनरी आले. डहाणू रोडला त्यांचं रुग्णालय होतं आणि डॉ. बार्बरा निकी यांनी तिथे दीर्घकाळ काम केलं. हा पंथ १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावी जन्मला. आठ प्रौढांनी एडर नदीत बुडी घेऊन नव्यानं बाप्तिस्मा घेतला. तीनदा बुडवायची त्यांची चाल, म्हणून अमेरिकेत त्यांना ‘डंकर’ म्हणत. बाप्तिस्म्यावर इतका कटाक्ष असलेल्या या लोकांचा संस्थापक अलेक्झांडर माक याला मात्र नरक कायमचा आहे हे पटत नव्हतं. त्याच्या १७१५ च्या पुस्तकात मुलगा बापाला विचारतो की ही शिक्षा खरंच कधी संपणार नाही का. बाप सांगतो, शास्त्रात तसं नाही. पण त्या भरवशावर राहू नये, आत्ताच सुधारलेलं बरं. कित्येक युगांनंतर सगळेच परत देवाकडे येतील असं जुन्या ब्रदरनांचं मत होतं, आणि ते चारचौघांत बोलायचं नाही असा संकेतही. डहाणूला मिशन येईपर्यंत हे मत मागे पडलं होतं. तरी ‘मिशनरी म्हणजे सगळ्यांना नरकात पाठवणारे’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा माक लक्षात ठेवावा.

या भागात प्रश्न ज्यूंचा नव्हता, पूर्वजांचा होता. वारल्याच्या घरात हिरवा देव असतो, मेलेल्यांचं स्थान असतं, त्यांचे दिवस घालतात. नव्या विश्वासात आलेला माणूस आधी विचारणार, माझा आजा कुठे गेला? त्यानं तर येशूचं नावही ऐकलं नव्हतं. युरोपात हाच प्रश्न फार आधी येऊन गेला आहे. फ्रिझियन लोकांचा राजा राडबोड बाप्तिस्म्याच्या कुंडात एक पाय टाकून उभा होता म्हणे. पूर्वज नरकात आहेत असं कळल्यावर त्यानं पाय बाहेर काढला. थोड्या परक्यांबरोबर स्वर्गात राहण्यापेक्षा आपल्या माणसांबरोबर कुठेही बरं. आख्यायिका असेल, पण पाय खरा वाटतो.

तलासरीत ज्ञानमाता सदन ही जेझुइट या कॅथलिक संघाची संस्था आहे. या संस्थेतल्या धर्मगुरूंना आज जे शिकवलं जातं ते राडबोडच्या धर्मगुरूला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे सद्सद्विवेकाला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. देलोंनं नाकारलेली ती फट ती हीच. मग २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेनं पौलाचं कलम पुन्हा वर काढलं: येशूच्या मृत्यूचा ठपका सगळ्या ज्यूंवर ठेवता येणार नाही, आणि देवानं त्यांना दिलेली वचनं मोडलेली नाहीत. यामागे सहा वर्षांच्या महायुद्धातला साठ लाख ज्यूंचा संहार होता, आणि ज्यूल इझाक हे फ्रेंच इतिहासकार होते. बायको आणि मुलगी नाझींच्या हातून गमावल्यावर १९६० मध्ये ते पोप तेविसाव्या जॉनना जाऊन भेटले होते.

पण वचन मोडलं नाही म्हणजे ज्यूला ख्रिस्ताची गरज नाही, असं झालं का? व्हॅटिकनच्या १० डिसेंबर २०१५ च्या टिपणाचं उत्तर वाचून तर्कशास्त्राचा शिक्षक हताश होईल. ज्यूंना देवाच्या तारणात वाटा आहे. तारण मात्र सगळ्यांचं ख्रिस्ताकडूनच. आणि ख्रिस्ताला उघडपणे न स्वीकारता ज्यूंना ते कसं मिळतं हे देवाचं अथांग रहस्य. ज्यूंना ख्रिस्ती करण्यासाठी संघटित मिशन कॅथलिक चर्च चालवणार नाही, असंही त्यात आहे. मला हे पळवाट वाटत नाही. पौलही इथेच येऊन थांबला होता. इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांना मात्र हे मान्य नाही. १९८९ मध्ये बर्म्युडात त्यांच्या धर्मपंडितांनी जाहीर केलं की ज्यूंना येशू सांगणं थांबवणं हा त्यांच्यावर अन्यायच होईल. त्यांच्या दृष्टीनं हे प्रेमच आहे, आणि ते खोटं म्हणता येत नाही. औषध आपल्याकडे आहे असं ज्याला खरंच वाटतं तो ते लपवणार कसा?

ज्यूंना विचाराल तर मुळात प्रश्नच परका वाटतो. परलोकात वाटा मिळायला ज्यू व्हायला हवं असं ते म्हणत नाहीत. नोहाला दिलेल्या सात आज्ञा पाळणारा कुठल्याही राष्ट्रातला सज्जन त्यात आला, असं रब्बींचं जुनं मत आहे. फ्रान्झ रोझेन्झ्वाइग हा जर्मन तत्त्वज्ञ १९१३ मध्ये ख्रिस्ती व्हायच्या उंबरठ्यावर होता आणि तिथून परतला. येशूवाचून कोणी पित्याकडे येत नाही हे त्याला कबूल होतं. पण जो आधीच पित्याजवळ आहे त्याला यायचं कुठून, असं त्यानं त्या वर्षी एका नातलगाला लिहिलेल्या पत्रात विचारलं. घरातल्या मुलाला घराचा रस्ता कोण दाखवतो?

दरवर्षी गुड फ्रायडेला जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये ओळीनं दहा प्रार्थना होतात, त्यातली एक ज्यूंसाठी असते. तलासरीतही ती मराठीत होते, ज्यांनी जन्मात ज्यू पाहिलेला नाही अशा लोकांच्या तोंडून. पूर्वीच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंना अविश्वासू म्हटलेलं होतं. तो शब्द १९५९ मध्ये गेला. बाकी प्रार्थनांना लोक गुडघे टेकत, या एकीला टेकत नसत. १९५५ मध्ये ती चाल बदलली. १९७० पासूनच्या प्रार्थनेत ज्यूंचं धर्मांतर मागितलेलं नाही. देवाचा शब्द पहिल्यांदा ज्यांनी ऐकला त्यांनी त्याच्या कराराशी एकनिष्ठ राहावं, आणि त्यांच्या तारणाला पूर्णता यावी, एवढंच मागणं आहे. ती पूर्णता कशी यायची ते प्रार्थनेत सांगितलेलं नाही. वाचणारा थोडा थांबतो, बाकडी सरकल्याचा आवाज होतो, आणि सगळे गुडघ्यांवर येतात.